ब्रह्महृदयापासून अगस्त्यापर्यंत

सूर्य मावळून पावणेदोन तास झाले होते. फेब्रुवारीची वीस-एकवीस तारीख, गच्चीवर चटई, अंगावर गोधडी आणि मृग नक्षत्र जवळजवळ माथ्यावर. खालच्या शिवारात गुऱ्हाळ चालू होतं, त्याचा गोड वास वर येत होता. उत्तरेला ब्रह्महृदय या ठळक ताऱ्याच्या खाली एक चांदणी फुलली आणि मालवली. तिथे तारा नाही हे मला माहीत होतं, म्हणून नजर तिथेच ठेवली. पाच-सहा सेकंदांनी ती थोडी वर सरकून पुन्हा फुलली.

विमान नव्हतं. विमानाचे दिवे टकटक लागतात, लाल-हिरवा रंग दिसतो आणि थोड्या वेळाने घरघर ऐकू येतेच. ही चांदणी पांढरी होती, आवाज नव्हता, आणि तिचं तेज हळूच चढायचं, हळूच उतरायचं. मी उशाशी ठेवलेला मोबाइल घेतला, आवाजाचं रेकॉर्डिंग सुरू केलं, पडद्यावरची वेळ सेकंदासकट मोठ्याने वाचली आणि मोबाइल उलटा करून ठेवला. मग फक्त आकाशाकडे बघत बोलत राहिलो. "आता, ब्रह्महृदय, पूर्वेकडून, बोटभर." थोड्या वेळाने, "आता, काक्षी, पश्चिमेकडून, अर्धं बोट." काक्षी म्हणजे मृगातला तांबूस तारा. दक्षिणेला तिची शेवटची झळाळी अगस्त्य ताऱ्याच्या अगदी डोक्यावर दिसली. पुढे धुरकट क्षितिजात ती दिसेनाशी झाली.

आकाशातून सरकत जाणाऱ्या अशा वस्तू ओळखायच्या कामात माझी सगळी भिस्त या बोलण्यावर आहे. अंधारात घड्याळ बघायला गेलं की चांदणी हातची जाते, आणि चांदणी बघत राहिलं की वेळ हातची जाते. मोबाइल नेटवर्कवरून वेळ घेतो, त्यामुळे ती पुरेशी नेमकी असते. नंतर इयरफोन लावून रेकॉर्डिंग ऐकायचं आणि प्रत्येक "आता"चा सेकंद वहीत उतरवायचा. अंतर मोजायला हातच पुरतो. हात ताठ लांबवून धरला की करंगळी साधारण एक अंश झाकते, मधलं बोट दोनाच्या आसपास, आणि मूठ दहा अंश. चंद्राचं बिंब अर्ध्या अंशाचं असतं. पाहिलेल्या वस्तूची जागा एवढ्या मापांनी सांगता आली, तर ती वस्तू शोधून काढता येते. "पूर्वेकडून पश्चिमेकडे काहीतरी चमकत गेलं" यावरून कुणालाच काही सांगता येत नाही.

हे मला एका चुकीने शिकवलं. २ एप्रिल २०२२, गुढीपाडवा. रात्री पावणेआठच्या सुमारास विदर्भाच्या आकाशातून जळते निखारे ओळीने सरकत गेले, आणि अर्ध्या तासात त्याचे व्हिडिओ आमच्या वाई तालुक्यातल्या मोबाइलांवर येऊन पोचले. मी शाळेत विज्ञान शिकवतो. मुलांनी विचारलं, "सर, हे काय होतं?" मी सांगितलं, मोठी उल्का असेल. दुसऱ्या दिवशी चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात, लाडबोरी गावात पडलेल्या सुमारे तीन मीटर व्यासाच्या धातूच्या कड्याचे फोटो आले. ते फेब्रुवारी २०२१ मध्ये सोडलेल्या चीनच्या चँग झेंग-३बी रॉकेटच्या वरच्या टप्प्याचे अवशेष होते. व्हिडिओ परत पाहिला तेव्हा कळलं, की उत्तर त्यातच होतं. उल्का सेकंद-दोन सेकंदांत संपते, कारण ती सेकंदाला किमान अकरा किलोमीटर वेगाने वातावरणात घुसते. पृथ्वीभोवती फिरणारी वस्तू आठ किलोमीटरच्याही आत असते आणि वातावरणात अगदी तिरकी, सपाट शिरते, म्हणून तिचे तुकडे आरामात आकाश ओलांडत जळतात. मी वेळ मोजली नव्हती, नुसतं नाव देऊन टाकलं होतं. मुलांसमोर ती चूक कबूल केली आणि त्याच आठवड्यात वही घातली. तिचा नियम एकच आहे. आधी पाहिलं ते लिहायचं, नाव मागून.

त्या फेब्रुवारीच्या रात्री मी तो नियम अर्धाच पाळला. नोंद झाली आणि लगेच मोबाइलवर उपग्रहांच्या वेळा दाखवणारं ॲप उघडलं. त्या सुमारास माथ्यावरून जाणाऱ्या वस्तूंत ठळक दिसलं ते आपल्याच देशाच्या एका जुन्या, निवृत्त पृथ्वीनिरीक्षण उपग्रहाचं नाव. तोही उत्तरेकडून दक्षिणेकडे जात होता. वेळेत चार मिनिटांचा फरक होता, पण मी म्हटलं, जुनी वस्तू आहे, असेल फरक. काम संपलेला, आता कुणाच्या ताब्यात नसलेला आपला उपग्रह गडगडत जातोय आणि मी गच्चीवरून त्याला बघतोय, ही कल्पना मला फार आवडली. सकाळी परिपाठाला मुलांना ते सांगूनही टाकलं.

दुपारच्या सुट्टीत रेकॉर्डिंग नीट ऐकलं आणि वहीत ओळ लिहिली. ब्रह्महृदयाजवळ ८ वाजून २१ मिनिटं १० सेकंद. काक्षीजवळ ८ वाजून २२ मिनिटं ५१ सेकंद. अगस्त्यापाशी शेवटची झळाळी, तिची वेळ धरायची राहिली. ही ओळ समोर ठेवून बघायला लागलो तसा तो उपग्रह हातातून सुटत गेला.

पहिलं कारण चार मिनिटांचं. पृथ्वीच्या जवळून फिरणारी वस्तू चार मिनिटांत सतराशे-अठराशे किलोमीटर पुढे जाते. कक्षेची माहिती ताजी असेल तर चूक एखाद-दोन सेकंदांची असते, फार तर थोडी जास्त. चार मिनिटं म्हणजे ती वस्तूच वेगळी.

दुसरं कारण दिशेचं, आणि ते मला अजून सुंदर वाटतं. पृथ्वीनिरीक्षणाचे बहुतेक उपग्रह जवळजवळ ध्रुवांवरून जातात, पण त्यांच्या कक्षेचा कल, म्हणजे विषुववृत्ताशी होणारा कोन, ९० अंशांहून थोडा जास्त, ९८ च्या आसपास ठेवलेला असतो. त्यामुळे दक्षिणेकडे जाताना ते किंचित पश्चिमेकडे कलतात. कल ९० हून कमी असेल तर वस्तू दक्षिणेकडे जाताना किंचित पूर्वेकडे कलते. माथ्यावर या दोन्ही वाटा एकमेकींना छेदतात, तिथे फरक कळत नाही. फरक कळतो तो टोकांना. तो उपग्रह दक्षिणेला अगस्त्याच्या पश्चिमेकडून दीड मूठ अंतरावरून उतरला असता. माझी चांदणी अगस्त्याच्या डोक्यावर पोचली होती. म्हणजे हिचा कल ९० हून कमी, ८०-८५ च्या घरातला. अगस्त्याची वेळ धरायची राहिली होती खरी, पण अगस्त्य पाहून ठेवला होता, तोच कामाला आला.

दुसऱ्या दिवशी परिपाठाला पुन्हा उभा राहिलो आणि काल सांगितलेलं नाव मागे घेतलं. मुलांना त्याचं काही वाटलं नाही. उलट एक जण म्हणाला, "सर, मग खरं कोण?" त्या प्रश्नाने मला आठवडाभर कामाला लावलं.

नाव नसताना वस्तूबद्दल किती कळतं, ते याच वेळी लक्षात आलं. ब्रह्महृदय ते काक्षी हे अंतर सुमारे ४० अंशांचं. माझ्या चांदणीने ते कापायला १०१ सेकंद घेतले. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक बरोबर माथ्यावरून जातं तेव्हा तेवढाच पट्टा चाळीसएक सेकंदांत ओलांडतं, आणि त्याची उंची आहे ४२० किलोमीटरच्या आसपास. वेग दोघांचा फारसा वेगळा नसतो, त्यामुळे जी वस्तू अडीचपट हळू दिसते ती साधारण अडीचपट उंचावर. म्हणजे हिची उंची हजार किलोमीटरच्या जवळपास.

दुसऱ्या वाटेनेही तेच निघालं. उपग्रहाला स्वतःचा दिवा नसतो. आपल्याकडे रात्र झालेली असते, पण तिकडे वर अजून ऊन असतं, म्हणून तो चमकतो. जसजशी रात्र चढते तसतशी पृथ्वीची सावली वर सरकत जाते. त्या दिवसांत, त्या वेळी, आमच्या माथ्यावर सावली सुमारे सातशे किलोमीटर उंच पोचलेली असते. त्याच्या खालची वस्तू माथ्यावर येण्याआधीच विझली असती. अवकाश स्थानकही तेव्हा माथ्यावर दिसत नाही. ही चांदणी झळाळत दक्षिणेपर्यंत गेली, म्हणजे ती सातशेच्या वरच होती.

झळाळ्या मोजताना मात्र घोटाळा झाला. रेकॉर्डिंगमध्ये प्रत्येक झळाळीला मी "हं" म्हटलं होतं. पहिल्यापासून अकराव्या "हं"पर्यंत ६२ सेकंद. मी ६२ ला ११ ने भागलं आणि साडेपाच सेकंद लिहिलं. दोन दिवसांनी तीच वही मी नववीतल्या एका मुलीला दाखवली. ती पानाकडे बघत म्हणाली, "सर, अकरा खांब असले तर मधे गाळे दहाच ना?" बरोबर होतं तिचं. ६२ भागिले १०, म्हणजे ६.२ सेकंद. त्या पानावर साडेपाच खोडून तिनेच ६.२ लिहिलंय.

या ६.२ सेकंदांचा अर्थ असा, की वस्तू कुणाच्या ताब्यात नाही. चालू उपग्रह सहसा स्थिर धरून ठेवलेला असतो, त्याचं तेज सावकाश बदलतं. ठरावीक अंतराने फुलणारी, मालवणारी वस्तू म्हणजे बहुतेक वेळा कोलांट्या खात जाणारा रॉकेटचा रिकामा टप्पा. त्याची लांब बाजू उन्हाला सापडली की झळाळी, टोक आपल्याकडे आलं की अंधार. आपण सरसकट "सॅटेलाइट गेला" म्हणतो, त्यातले बरेचसे सॅटेलाइट नसतातच. हे पहिल्या दिवसापासून असंच आहे. ऑक्टोबर १९५७ मध्ये स्पुटनिक बघायला जगभर लोक अंगणात येऊन उभे राहिले. त्यांतल्या बहुतेकांना दिसला तो स्पुटनिकच्या मागोमाग कक्षेत गेलेला त्याच्या रॉकेटचा मोठा भाग. ५८ सेंटिमीटरचा तो गोळा नुसत्या डोळ्यांना दिसणं फार अवघड होतं.

आता नाव शोधायची पाळी. अमेरिकेचं अवकाश दल रडार आणि दुर्बिणींनी अवकाशातल्या वस्तूंवर नजर ठेवतं आणि प्रत्येकीला क्रमांक देतं. स्थानकाचा क्रमांक २५५४४, हबल दुर्बिणीचा २०५८०. प्रत्येक वस्तूची कक्षा ६९-६९ अक्षरांच्या दोन ओळींत मांडलेली असते. टी. एस. केल्सो यांची सेलेस्ट्रॅक ही सेवा १९८५ पासून या ओळी सर्वांना पुरवत आली आहे. पहिल्यांदा त्या ओळी पाहिल्या तेव्हा किराणा दुकानाच्या पावतीवरच्या आकड्यांसारख्या वाटल्या. पण दुसऱ्या ओळीतल्या दोन जागा समजल्या तरी बरंच काम होतं. क्रमांकानंतर लगेच कक्षेचा कल असतो, आणि शेवटाकडे दिवसाला किती फेऱ्या ते. माझ्याकडे दोन्हींचा अंदाज होता. कल ८० ते ८५, उंची हजार किलोमीटर म्हणजे दिवसाला पावणेचौदाच्या आसपास फेऱ्या. संगणकावर यादी उतरवून घेतली आणि एवढीच चाळणी लावली.

चाळणीत उरलेल्यांत एकच नाव पुन्हा पुन्हा येत होतं, एसएल-८ आर/बी. आर/बी म्हणजे रॉकेटचा टप्पा. एसएल-८ हे अमेरिकी यादीतलं नाव आहे. मूळ रॉकेट सोव्हिएत कॉसमॉस-३एम. त्याने पारूस आणि त्सिकादा जातीचे दिशादर्शक उपग्रह वर नेऊन सोडले, जहाजांना आणि पाणबुड्यांना समुद्रात आपली जागा कळावी म्हणून. कल ८२.९ अंश, दिवसाला १३.७ फेऱ्या. उपग्रह सोडल्यावर दुसरा टप्पा तिथेच राहायचा. सुमारे सहा मीटर लांब, २.४ मीटर रुंद, रिकामा असूनही दीड टनाच्या जवळपास. त्या उंचीवर हवा इतकी विरळ आहे की हे टप्पे अजून शेकडो वर्षं खाली येणार नाहीत.

त्या संध्याकाळी अर्ध्या तासात असे तीन टप्पे आमच्या आकाशातून गेले होते. ओळींतल्या वेळा जागतिक वेळेत असतात, तेव्हा आपल्या वेळेतून साडेपाच तास वजा करून शोधायचं. ८ वाजून २२ मिनिटं ५१ सेकंद म्हणजे १४ वाजून ५२ मिनिटं ५१ सेकंद. पहिला टप्पा पूर्वेला, पुनर्वसूच्या पलीकडून गेलेला. दुसरा दक्षिणेकडून उत्तरेकडे. तिसरा काक्षीच्या पश्चिमेला एका अंशावरून, ८ वाजून २२ मिनिटं ४९ सेकंदांनी. माझा "आता" दोन सेकंद उशिराचा होता. ब्रह्महृदयापाशीही तेवढाच. आणि पडद्यावरची त्याची रेघ खाली थेट अगस्त्याच्या डोक्यावर उतरत होती. मी खुर्ची मागे सारून उभाच राहिलो. घरात सगळे झोपले होते, सांगायला कुणी नव्हतं.

तरीही वहीत नाव लिहिलं नाही, कारण एकदा जुळलं म्हणजे ओळखलं असं मी आता धरत नाही. पुढचं येणं आधी कागदावर मांडायचं आणि मग गच्चीवर जाऊन बघायचं. गणित केलं. पुढच्या रात्री तो पावणेनऊनंतर पश्चिमेकडून तिरका जाणार होता. पण गावात लग्न होतं, मांडवाच्या हॅलोजनने पश्चिमेचं अर्धं आकाश पांढरं केलेलं. काही दिसलं नाही. त्यानंतरची संधी मात्र फार छान होती. हा टप्पा तीन दिवसांत जवळजवळ ४१ फेऱ्या पुऱ्या करतो, तीन दिवसांना वीसेक मिनिटं कमी असतानाच. तेवढ्या वेळात पृथ्वीही अशी फिरलेली असते की तो पुन्हा जवळपास त्याच वाटेने माथ्यावर येतो. म्हणजे आज ८ वाजून २२ मिनिटांनी दिसला तर तीन दिवसांनी ८ वाजून ३ मिनिटांच्या आसपास, त्याच ताऱ्यांमधून. मी गणित केलं तोवर पहिले तीन दिवस उलटून गेले होते, म्हणून पुढचे तीन धरले. आठला सतरा-अठरा मिनिटं कमी असताना.

त्या संध्याकाळी त्या नववीतल्या मुलीला आणि तिच्या वडिलांना गच्चीवर बोलावलं. अंधार पुरता दाट झाला नव्हता, मृग दिसत होता पण बारीक तारे अजून यायचे होते. वडील म्हणाले, "सर, आठवडाभर घरात हेच चाललंय. आम्ही म्हटलं बघून तरी येऊ." मोबाइल मी तिच्या हातात दिला. तिने वेळ वाचली, मोबाइल उलटा ठेवला आणि उत्तरेकडे तोंड करून बसली. मी मुद्दाम काही बोललो नाही. कुठे बघायचं ते सांगितलं की नसलेलंही दिसायला लागतं.

"हं," ती म्हणाली. मला दिसलं नव्हतं. सहा सेकंदांनी पुन्हा "हं", आणि तेव्हा मलाही दिसलं, ब्रह्महृदयाच्या खाली. वडील उठून उभे राहिले. ती शांतपणे म्हणत गेली, "आता, ब्रह्महृदय. हं. हं. आता, काक्षी." अगस्त्यापाशी तिने वेळसुद्धा धरली, जी माझ्याकडून राहिली होती.

खाली येऊन रेकॉर्डिंग ऐकलं. कागदावरच्या वेळेपेक्षा एका सेकंदाचा फरक. झळाळ्यांचं अंतर ६.२. गाळे तिनेच मोजले.

"सर, हे अजून चालू आहे?" वडिलांनी विचारलं.

"नाही. सोव्हिएत युनियन होतं त्या काळात सोडलेलं. उपग्रह पुढे गेला, हे तेव्हापासून असंच फिरतंय."

मग मी त्यांना प्लेसेत्स्कची गोष्ट सांगितली, कारण या टप्प्याची गोष्ट तिथूनच सुरू होते. उत्तर रशियातला, रॉकेटं सोडायचा हा तळ सोव्हिएत सरकारने गुप्त ठेवला होता. इंग्लंडमधल्या केटरिंग गावच्या शाळेत जेफ्री पेरी नावाचे भौतिकशास्त्राचे शिक्षक होते. ते मुलांना घेऊन सोव्हिएत उपग्रहांचे रेडिओ संकेत ऐकायचे, वेळा लिहायचे, कक्षा काढायचे. मार्च १९६६ मध्ये सोडलेल्या कॉसमॉस-११२ चा कल आधीच्या उपग्रहांशी जुळेना. त्या वर्षी आणखी उपग्रह गेले तेव्हा त्यांच्या वाटा मागे नेऊन त्या मंडळींनी सांगितलं, की तिकडे उत्तरेत एक नवा तळ आहे. सोव्हिएत सरकारने हे मान्य केलं १९८३ साली. ८३ अंशांच्या कलाचे ते दिशादर्शक उपग्रह, आणि म्हणून आमचा हा टप्पाही, त्याच तळावरून गेलेला.

"शाळेतल्या मुलांनी शोधलं?" तिने विचारलं.

"शिक्षक आणि मुलांनी. वेळा लिहून."

आजही हे काम असंच चालतं. हेरगिरीच्या अमेरिकी उपग्रहांच्या कक्षा यादीत देत नाहीत, पण कॅनडातले टेड मोल्झान, नेदरलँड्समधले मार्को लँगब्रुक असे हौशी निरीक्षक वर्षानुवर्षं ताऱ्यांच्या संदर्भाने वेळ आणि जागा मोजून त्यांच्याही कक्षा काढत आले आहेत. त्यांची साधनं माझ्यापेक्षा कितीतरी चांगली, कॅमेरे आहेत, हजाराव्या भागापर्यंत सेकंद मोजणारी घड्याळं आहेत. पण लिहायचं तेच. वेळ, जागा, दिशा.

मी वहीतलं फेब्रुवारीचं पान काढलं आणि पेन तिच्या हातात दिलं. मोकळ्या रकान्यात तिने लिहिलं, "एसएल-८ आर/बी", पुढे क्रमांक, खाली दोन्ही तारखा. मग ती मागची पानं चाळायला लागली. तीन ओळींपुढे नावाचा रकाना अजून कोरा आहे.

"ह्या, सर?"

"ह्या अजून ओळखायच्यात."

तिने त्यातली सर्वांत जुनी ओळ आपल्या वहीत उतरवून घेतली. दोन तारे, दोन वेळा आणि दिशा.